हळू बोलणारा कोच

एक मैदान डोळ्यांसमोर आणा पाहू. गोल नको, अंड्यासारखं लांबट. दोन्ही टोकांना चार-चार उंच पांढरे खांब. भोवती लोखंडी कठडा, आणि कठड्याला नाक लावून उभ्या असलेल्या साठ-सत्तर गाड्या. आमच्या कुरालिनला लोक फुटबॉलचा सामना गाडीत बसूनच बघतात. हिवाळ्यात वारा असा सुटतो, की बाहेर खुर्ची टाकून बसलात तर चहाच्या आधी तुम्हीच गार व्हाल.

आता त्यातली एक जुनी हिरवी गाडी निवडा आणि मागच्या सीटवर बसा. पायांवर ते लोकरीचं पांघरूण घ्या. त्यावर कुत्र्याचे केस असतील, चालवून घ्या. पुढे स्टिअरिंगमागे बसलेत ते क्लॅरी पेंगेली, वय एक्क्याऐंशी. या जागेवर गेली एकोणचाळीस वर्षं त्यांचीच गाडी उभी राहते. त्यांच्या शेजारी बसलेली, पाय खाली न टेकणारी, ती ब्रिडी. वय नऊ.

हॉर्नचा नियम एकदाच सांगतो, लक्षात ठेवा. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातातही धरता येतो, पण लाथाडलेला चेंडू मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, सहा पॉइंट. मग आपल्या गावच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात. चेंडू खांबाला लागला किंवा बाजूच्या फटीतून गेला तर एकच पॉइंट. एका पॉइंटला कुणीही हॉर्न वाजवत नाही.

ब्रिडीला हा नियम ठाऊक नव्हता. एप्रिलमधल्या पहिल्या शनिवारी, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, ती कठड्याशी एकटीच कुडकुडत उभी होती. क्लॅरींनी काच खाली केली.

"कुणाची गं तू? आत ये. तिथे उभी राहिलीस तर पाचवा खांब होशील."

ती आत बसली. पाचच मिनिटांत कुरालिनच्या एका गड्याने लांब लाथ मारली, चेंडू बाजूच्या फटीतून गेला, आणि ब्रिडीने आनंदाने वाकून हॉर्न दाबला. त्या गाडीचा हॉर्न म्हातार्‍या बोकडासारखा आहे. अख्ख्या मैदानाने मान वळवली.

"काय रे क्लॅरी!" शेजारच्या गाडीतून डग ओरडला. "एका पॉइंटला हॉर्न? चष्मा बदल लेका, नाहीतर गाडी विकून टाक!"

कठडाभर हशा पिकला. ब्रिडीचे कान लाल झाले. क्लॅरींनी फक्त आपला डावा पंजा हॉर्नवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. पुढे दर शनिवारी तो पंजा तिथेच असायचा. गोल झाला की ते स्वतः वाजवायचे. पोरीच्या हातावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

मग त्यांनी मैदानाकडे हनुवटी केली. "हा नवा कोच बघ. ग्लेन हॅनाफिन. शहरातल्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला म्हणे. आणि तोंडातून आवाज निघत नाही बाबाच्या. आधीचा कोच ओरडला की धान्याच्या कोठारावरची कबुतरं उडायची."

"आधीचा कोच जिंकायचा का?"

"छे. दोन वर्षं एक सामना नाही जिंकला." क्लॅरींनी काच वर केली. "पण हरताना ऐकू तरी यायचं."

"ते माझे बाबा आहेत," ब्रिडी म्हणाली.

क्लॅरींनी चष्मा सारखा केला. मग पायाशी ठेवलेला डबा उचलला, झाकण काढलं आणि तिच्यापुढे धरला.

"बिस्किट घे," ते म्हणाले. "दोन घे."

तर अशी त्यांची मैत्री झाली. ब्रिडीची आई आमच्या छोट्या इस्पितळात नर्स. शनिवारी तिची ड्यूटी असायची. बाबा खेळाडूंच्या बाकाशी. म्हणून ब्रिडी हिरव्या गाडीत.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. दर पाव सामन्यानंतर खेळ थांबतो, खेळाडू कोचभोवती कोंडाळं करतात, आणि गावकरी कठड्याखालून वाकून मैदानात जातात नि कोंडाळ्यामागे उभे राहून कोचचं बोलणं ऐकतात. म्हातारे, बाया, पोरं, कुत्री, सगळे. ते आपलं हक्काचं आहे असंच प्रत्येकाला वाटतं. आणि हा ग्लेन हॅनाफिन असा, की दुसर्‍या रांगेलाही त्याचं ऐकू येईना.

"काय म्हणाला?"

"कुणास ठाऊक. घसा बसला असेल."

"चारही सामन्यांत?"

लोकांचाही फार दोष नव्हता. ग्लेन मोठ्या लीगमध्ये अकरा सामने खेळला होता. गावात बातमी येईपर्यंत अकराचे साठ झाले आणि पबमध्ये पोचेपर्यंत एकशे दहा. असा माणूस आला म्हणजे आता कप आलाच, असं धरून क्लबच्या हॉलमधलं काचेचं कपाट तिथली झाडलोट बघणार्‍या नोलीनने पुसूनसुद्धा ठेवलं होतं. आणि संघ हरतच होता. चार सामने, मग पाच, मग सहा.

ब्रिडीला वाटलं, लोकांना काय हवंय ते बाबांना कळतच नसेल. कळलं तर ते करतील. म्हणून तिने एक वही घेतली आणि सहाव्या सामन्याला गाडी-गाडीपाशी जाऊन विचारलं, "तुम्हाला नव्या कोचकडून काय हवंय?"

लोकांनी मनापासून सांगितलं. डग म्हणाला, लांब लाथा मारा. बेकरीवाल्याने सांगितलं, लांब लाथा बंद करा आणि माझ्या भाच्याला पुढे खेळवा. मोटार दुरुस्त करणारा म्हणाला, बेकरीवाल्याच्या भाच्याला आधी बाहेर बसवा. क्लॅरींनी घसा साफ केला. "लिही. मरायच्या आधी एकदा बॅरमडेलला हरवलेलं बघायचंय." बॅरमडेल म्हणजे शेजारचं गाव. नऊ वर्षं त्यांनी आम्हाला एकदाही जिंकू दिलं नव्हतं.

शेवटी ती कँटीनच्या खिडकीशी गेली. शॅरिन व्हिकरी तिथे गरम ‘मीट पाय’ विकते, मांसाचं सारण भरून भाजलेल्या कचोर्‍यांसारखे. तिचा सतरा वर्षांचा डार्सी संघात होता. घुमा पोरगा, पास चुकला की आठवडाभर जेवायचा नाही नीट.

"मला?" शॅरिनने टोमॅटो सॉसची बाटली पुसली. "मला काही नको गं. डार्सी शनिवारी घरी आल्यावर सरळ खोलीत न जाता माझ्याशी दोन शब्द बोलला, तर बास. लिहू नकोस हं ते."

ब्रिडीने लिहिलं.

त्या संध्याकाळी मटणाचे चॉप आणि कुस्करलेले बटाटे खाऊन झाल्यावर ग्लेनने वही वाचली. आधी तो हसला. मग वाचता वाचता हसू कमी झालं. शेवटच्या ओळीवर, शॅरिनच्या, त्याचं बोट थांबलं.

"तुझं काय, ब्रिडी?" त्याने विचारलं. "तुझी ओळ नाही यात."

ब्रिडी काट्याने बटाट्यात रेघा ओढत होती. ही तिची चौथी शाळा होती. बाबांना एखाद्या क्लबने नको म्हटलं की खोकी भरायची, हे तिला पाठ झालं होतं.

"मला इथून जायचं नाहीये," ती म्हणाली.

ग्लेनने तिला खोटं वचन दिलं नाही. त्याने तिची ताटली उचलली, आपली उचलली आणि धुवायला घेतली. तिला पुसायचं फडकं दिलं. दोघांनी मिळून भांडी आवरली.

सातवा सामना बॅरमडेलशी होता. क्लबची कमिटी पाच जणांची. दोघं कोच ठेवायचा म्हणत होते, दोघं काढायचा म्हणत होते. सोमवारी हात वर करून ठरवायचं होतं. पाचवा हात क्लॅरींचा. गावात कुठली गोष्ट लपून राहते? ब्रिडीलाही ते कळलं होतं. पण गाडीत बसल्यावर तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि क्लॅरींनीही नाही. त्यांनी बिस्किटांचा डबा मधे ठेवला आणि पंजा हॉर्नवर.

तीन पाव सामना संपला तेव्हा आम्ही सत्तावीस पॉइंटांनी मागे होतो.

"चला," ब्रिडी दार उघडत म्हणाली. "ऐकायला जाऊ."

"माझा गुडघा नाही म्हणतोय. आणि ऐकायचं काय? तुझे बाबा तर कुजबुजतात."

"म्हणून तर जवळ जायचं."

क्लॅरींनी तिच्या खांद्यावर हात टेकला आणि गेली सहा वर्षं न ओलांडलेला कठडा कण्हत-कुंथत ओलांडला. ब्रिडीने त्यांना लोकांमधून वाट काढत पार पुढे नेलं. त्यांना पाहून डग पुढे सरकला, बेकरीवाला सरकला, आणि एकेक करून सगळं गाव त्या चिखल माखलेल्या पोरांच्या पाठीशी येऊन टेकलं.

ग्लेन ओरडत नव्हता. सांगतसुद्धा नव्हता. तो विचारत होता.

"मी बाहेरून बघतो, तुम्ही आतून. तुम्हाला काय दिसतंय?"

कुणी बोललं नाही. ग्लेनने घाई केली नाही. थांबला. लोक चुळबुळले, कुणीतरी खोकलं, तरी तो थांबला.

"त्यांचा तो उंच माणूस," डार्सी व्हिकरी बुटांकडे बघत म्हणाला, "दमलाय. वळताना कंबर धरतो. त्याच्याच बाजूने पळत राहिलो तर... म्हणजे, मला असं वाटतं."

"मग तसंच करू," ग्लेन म्हणाला. "तू पुढे, बाकीचे तुझ्यामागे."

"हा पोरगा बोलतो?" क्लॅरी ब्रिडीच्या कानाशी पुटपुटले. "मी मुका समजत होतो त्याला. जन्मल्यापासून बघतोय."

सगळे आपापल्या गाडीत परतले, क्लॅरी आणि ब्रिडीही. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं मी अजून विसरलो नाही. पोरं त्या दमलेल्या माणसाच्या बाजूने पळत राहिली. एक गोल. हॉर्न. दुसरा गोल. हॉर्न. मधे बॅरमडेलने दोन पॉइंट काढले, आम्ही पुन्हा एक गोल केला, मग आणखी एक. म्हातारा बोकड जीव तोडून ओरडत होता. अंतर पाच पॉइंटांवर आलं, मग चारवर.

शेवटच्या क्षणी एक उंच चेंडू आला. डार्सीने दोघांच्या खांद्यांवरून उडी घेऊन तो छातीशी पकडला, आणि तेवढ्यात वेळ संपल्याचा भोंगा झाला.

"संपलं?" ब्रिडीचा आवाज फुटला.

"नाही. भोंग्याआधी पकडलाय, म्हणजे एक लाथ त्याची आहे. कुणी अडवायचं नाही." क्लॅरींचा पंजा हॉर्नवर तयार होता. "गोल झाला तर आपण जिंकलो. नऊ वर्षांनी."

डार्सीने मागे पावलं मोजली. कँटीनच्या खिडकीत शॅरिनने तोंडावर फडकं धरलं होतं. तो धावला, त्याने लाथ मारली, चेंडू सरळ निघाला, सरळच चालला होता, आणि मग वार्‍याने त्याला हलकेच खांदा मारला. खांबावर टण्ण आवाज आला. तो आवाज मैदानाच्या या टोकालाही ऐकू आला.

पंचाने एकच झेंडा हलवला. एक पॉइंट. आम्ही तीनने हरलो होतो.

बॅरमडेलची माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आमच्या बाजूला साठ गाड्या नि:शब्द. डार्सी होता तिथेच उभा, मान खाली. ग्लेन बाकावरून उठून त्याच्याकडे चालत निघाला होता, पण मैदान केवढं लांब असतं! तो अजून अर्ध्यातही पोचला नव्हता.

"एकच पॉइंट," क्लॅरी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. मग ते डार्सीकडे बघत राहिले, आणि त्याच्याकडे चालत जाणार्‍या माणसाकडे. "बघ, आत्तासुद्धा ओरडत नाहीये."

"ते घरीपण नाही ओरडत," ब्रिडी म्हणाली.

क्लॅरींनी मान डोलावली. मग त्यांनी आपला डावा पंजा हॉर्नवरून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

ब्रिडीने त्या पंजाकडे पाहिलं. डगच्या गाडीकडे पाहिलं. नियम तिला आता पक्का ठाऊक होता. ती सीटवर गुडघ्यांवर उभी राहिली, पुढे वाकली, आणि दोन्ही तळहातांनी हॉर्न दाबून धरला. डार्सीने मान वर करेपर्यंत तिने तो सोडला नाही.