कुसळी निरंक

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. लोखंडाच्या चार सळया, प्रत्येक एक मीटर, चार कोपऱ्यांना वेल्डिंग. आत काहीच नाही. त्या काहीच नसण्यासाठी मला जिंतूरच्या एका दुकानात घडवलं.

एका विद्यापीठाचा संशोधन गट मला येलदरीच्या माळावर फेकतो. फेकणाऱ्यानं पाठ फिरवायची, मला खांद्यावरून मागं सोडायचं, आणि मी पडेन तिथलं गवत मोजायचं. जागा माणसानं निवडू नये, म्हणून ही पाठ. नियम शहाणा होता. माणसं तशी मिळाली नाहीत.

वर माळावर कुसळी नावाचं गवत माजतं. तिचं कुसळ मोज्यातून आत शिरतं आणि चालावं तसं रुततं. संशोधकांचे पाय नाजूक. म्हणून मी पडायची गाडीवाटेच्या कडेला, बकऱ्यांनी खुरटलेल्या हराळीत. तिथं बसून डबाही खाता येतो.

हराळी : भरपूर. कुसळी : निरंक.
हराळी : भरपूर. कुसळी : निरंक.

अशी नऊ वर्षं. मग गटाच्या प्रमुख सरांचा निबंध छापून आला : या माळावरून कुसळी नाहीशी झाली. सत्कार झाला. मलाही हार घातला. माझ्या आत झेंडूच्या पाकळ्या पडल्या. त्या कुणी मोजल्या नाहीत.

यंदा दिवाळीनंतर धम्मशीला गटात आली. माळाखालच्याच गावची. बाप गवंडी. पहिली नोंद सरांना पटली तर गटाच्या कायम यादीत नाव, नाहीतर घरी. गावातून इथवर पोचलेली ती पहिलीच, आणि तिच्या आईनं गल्लीभर पेढे वाटून ठेवलेले.

तिनं पाठ फिरवली आणि मला असं भिरकावलं की मी नऊ वर्षांत पहिल्यांदा उडाले. पडले ती थेट कुसळीत.

महारुद्र हा गटातला सर्वांत जुना विद्यार्थी. तक्ते तोच भरायचा. तो हराळीतूनच ओरडला, "अगं ये, अलीकडं ओढ ती. तिकडं कुठं मरायलीस?"

"पडली तिथंच मोजायचं म्हणता न्हवं दादा?"

"ते पुस्तकात म्हणतेत. तू पुस्तक हायस का?"

"मग तुमी डबा खावा. मी मोजून येते."

कुसळी : चौदा ठोंब.

दुसऱ्या दिवशी सरांनी तक्ता पाहिला. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. विद्वान माणूस. दोषी कोण ते लगेच कळलं.

"चौकट वाकडी झालीय. तसा शेरा लिही. चौकट सदोष, नोंद रद्द. उद्या तुझं नाव यादीत टाकतो."

धम्मशीलाला ती जागा हवी होती, आणि एक ओळ लिहिली की मिळत होती. तिनं शिपायाकडून सुतळी मागितली. माझ्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, चिमटीत धरली. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताणली. चिमूट जागची हलली नाही.

"सर, चौकट गुण्यात हाय."

"कशात?"

मित्रांनो, गुण्या म्हणजे काटकोन पाहायचं गवंड्याचं हत्यार. मापावर हयात काढलेल्या गृहस्थांना ते ठाऊक नव्हतं.

"दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकट गुण्यात. बाबा दाराची चौकट बसवताना असंच बघतेत."

"आता गवंडी शिकवायलेत आमाला," महारुद्र म्हणाला.

"शिकवतील की. विचारू का त्यांना?"

सर म्हणाले, "नीट विचार कर." तिनं केला असावा, कारण पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं होतं. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : चौकट गुण्यात आहे. कुसळी चौदा. खाली पूर्ण नाव, सही.

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. तक्ता नव्यानं भरला गेला. कुसळी निरंक.

मला 'निकामी' अशी चिठ्ठी बांधून मोडक्या स्टुलांच्या खोलीत टाकलं. आता अॅल्युमिनियमची चौकट आली आहे. हलकी, आज्ञाधारक. गाडीवाट ओलांडत नाही.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको, हार तर नकोच. गंज माझा मी सोशीन. पण तुम्हीही उद्या अशा एखाद्या गटात जाल. मोजलेलं पटलं नाही म्हणून माप वाकडं म्हणावंसं वाटेल. म्हणा खुशाल. फक्त त्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दीड मीटर सुतळी पुरते.