नखाएवढी टेकडी

"पैसे खाल्लेत कोणीतरी, दुसरं काय," पक्षीबाई म्हणाल्या आणि हातातले चार फोटो त्यांनी पत्त्यांसारखे टेबलावर टाकले. "अख्खी टेकडी जंगलाबाहेर काय आपोआप जाते?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काटकोन भिंग घेऊन नकाशावर वाकले होते. त्यांनी नुसती मान डोलावली.

जंगलाच्या कडेला होऊ घातलेल्या खाणीविरुद्ध भांडणारी ही समिती. नाव भारदस्त, पण माणसं मोजून आठ, त्यातली पाच निवृत्त. कचेरी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली आणि कागद अडकवणारा एक प्रिंटर. पक्षीबाई या समितीच्या प्रमुख. त्या आधी शाळेत शिकवायच्या आणि सुट्टी मिळाली की जंगलात जाऊन पक्षी मोजायच्या. काटकोन नकाशा कार्यालयातून निवृत्त झालेले ट्रेसर. मोजणीवाले रानात हिंडून पेन्सिलीने कच्ची शीट आणणार आणि ट्रेसरने ती शाईने पक्की करायची, असं ते काम. चौतीस वर्षं केलं. डब्याचं फडकंसुद्धा ते काटकोनात घडी घालतात म्हणून कार्यालयातल्यांनी हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पुढे त्यांची सहीही लोक याच नावाने ओळखायला लागले.

पक्ष्यांतलं त्यांना कावळा-चिमणीच्या पलीकडे ओ की ठो कळत नव्हतं. ते समितीत आले बायकोमुळे. निवृत्तीनंतर ते घरातल्या तसबिरी सरळ करत फिरायचे, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायचे. दोन वर्षं तिने सोसलं आणि मग पक्षीबाईंना फोन केला, की तुम्हाला नकाशे वाचणारा माणूस हवाय म्हणे, आमच्याकडे एक आहे, घेऊन जा.

सुनावणी सोमवारी होती. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. सरकारी नकाशात ती टेकडी जंगलाच्या हद्दीबाहेर आहे, मग खाणीला आडकाठी कसली? समितीकडे उत्तर नव्हतं. शुक्रवारी पक्षीबाईंना टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, काटेरी झुडपांत, हद्दीचे चार जुने दगड सापडले. जंगल खात्याचे, आकडे कोरलेले; टेबलावरचे फोटो त्यांचेच. म्हणजे हद्द टेकडीच्या पलीकडे होती आणि टेकडी जंगलातच होती.

शनिवारी सकाळी काटकोनांनी चारही दगडांच्या जागा नकाशावर टिंबांनी मांडल्या. नकाशा म्हणजे कार्यालयातून अर्ज करून, शेजारच्या शीटसह मिळवलेली मूळ शीटची प्रत. चारही टिंबं एका पायवाटेवर पडली. एकही इकडेतिकडे नाही. पायवाटेवर हद्दीचे दगड कोण रोवील? म्हणजे ती पायवाट नव्हतीच, हद्द होती. आणि नकाशात हद्द म्हणून दाखवलेली रेघ हीच खरी पायवाट. कोणीतरी शाई भरताना दोघींची अदलाबदल केली होती.

त्यांनी भिंग शीटच्या खालच्या कोपऱ्यात नेलं. तिथे ट्रेसर आपल्या नावाची दोन अक्षरं घालतो. अक्षरं त्यांचीच होती.

"काय हो, काही सापडलं?" पक्षीबाईंनी विचारलं.

"बघतोय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते नकाशा वेडावाकडा गुंडाळून खोलीबाहेर पडले.

बस दोन थांबे आधीच सोडली आणि पायी निघाले. चुकलं कसं, ते त्यांना चालता चालता लख्ख आठवलं. डावीकडची शीट आधी झालेली होती, तिच्या काठाशी हद्द येऊन थांबली होती. उजवीकडची त्यांच्यासमोर होती. तिच्या काठाशी पेन्सिलीच्या दोन पुसट तुटक रेघा होत्या, एक हद्दीची, एक पायवाटेची, नखाएवढ्या अंतरावर. वरची रेघ डावीकडच्या हद्दीला अशी बेमालूम जुळत होती, की पाहणाऱ्याने खूश व्हावं. खालची गाठायची तर हद्दीला काठापाशीच बेढब वळण द्यावं लागलं असतं. शंका आली की चिठ्ठी लावून शीट मोजणीवाल्यांकडे परत पाठवायची, हा नियम. गबाळ्या ट्रेसरला शंका आली असती. काटकोनांना जोड इतका देखणा दिसला, की शंका घ्यावी असं वाटलंच नाही. नखभर अंतरात बसलेली टेकडी, तिच्या पोटातला झरा, त्याचं पाणी पिणाऱ्या तीन वस्त्या, एवढं सगळं त्यांनी दुपारच्या चहाआधी जंगलाबाहेर काढलं होतं.

घरी आल्यावर त्यांना बसवेना. पाणी प्यायले, पेला विसळला, पुन्हा प्यायले. शनिवारचा उरलेला दिवस गॅलरीत गेला. जेवताना भाजीत मीठ नाही हे बायकोला स्वतःला कळलं, त्यांना नाही. तेव्हा तिने ताट बाजूला सारलं आणि काय झालंय ते सांगा म्हणाली. त्यांनी सांगितलं. मुलगीही ताटावरच होती.

आता खरी पंचाईत पुढे होती. मुलगी त्याच कार्यालयात लागली होती, बापाच्याच हॉलमध्ये. पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती.

"दगड सापडलेत ना," ती म्हणाली. "तुम्ही कशाला मध्ये पडायचं?"

दगड काय कोणीही उचलून कुठेही रोवतं, असं कंपनीचा वकील म्हणणार, हे त्यांनी तिला समजावलं. रेघ का चुकली हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

ती बराच वेळ बोटाने ताटाची कड पुसत राहिली. "आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला अजून तुमची शीट दाखवतात, बाबा. जोड कसा असावा म्हणून."

बायको मात्र उठता उठता म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. आता स्वतःची एक काढा."

रविवारी त्यांनी तीनदा ठरवलं जायचं नाही, आणि तीनदा शर्टाला इस्त्री केली.

सोमवारी सुनावणीचा हॉल भरला होता. पुढे सुनावणीचे अधिकारी, एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला कंपनीचा गोडबोल्या वकील. पक्षीबाई झऱ्याबद्दल, पक्ष्यांबद्दल, वस्त्यांबद्दल पोटतिडकीने बोलल्या. वकिलाने सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि मग म्हणाला की बाईंबद्दल आपल्याला आदर आहे, पण दगडांना पाय फुटू शकतात, सरकारी नकाशाला नाही. लोक हसले.

काटकोनांचं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. ते उभे राहिले.

"ही रेघ मी काढलीय," ते म्हणाले. "ती चुकीची आहे."

पक्षीबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी त्यांना पुढे बोलावलं. त्यांनी दोन्ही शीट काठाला काठ लावून ठेवल्या, कुठली रेघ कुठे जायला हवी होती ते दाखवलं. वकील जवळ आला.

"अशी काढायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग चुकली कशी?"

"छान जुळत होती म्हणून."

हॉलमध्ये पुन्हा हसू फुटलं. वकीलही हसला. "चौतीस वर्षांत अशा किती चुका केल्यात?"

काटकोनांनी दोन्ही शीटच्या कडा सरळ केल्या. "सापडलेली एक," ते म्हणाले.

या वेळी कोणी हसलं नाही. वकील अधिकाऱ्यांकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, की साहेब, यांनी शेकडो शीट केल्यात. आता यांची कुठली रेघ खरी धरायची आणि कुठली नाही, ते आपणच सांगा.

तासाभराने निर्णय वाचून दाखवला. हद्दीची जागेवर फेरमोजणी होईपर्यंत खाणीची परवानगी थांबवण्यात येत आहे. एवढं होताच समितीची माणसं टाळ्या पिटत उठली. त्यामुळे पुढचं वाक्य एकट्या काटकोनांनीच नीट ऐकलं. सदर ट्रेसरने केलेल्या सर्व शीट नकाशा कार्यालयाने पुन्हा तपासून घ्याव्यात.

जिन्यात पक्षीबाईंनी त्यांना गाठलं. त्यांचा चेहरा उतरला होता. शनिवारी आपण भलतंच बोलून गेलो, असं त्या म्हणायला लागल्या.

"पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं," काटकोन म्हणाले. "निदान लक्षात तरी राहिलं असतं."

शीट निघाल्या दोनशे अकरा. मुलीचा कायम होण्याचा कागद पुढच्या महिन्यावर गेला, मग त्याच्याही पुढच्या. नवीन माणसांना दाखवायची शीट कार्यालयातल्या हॉलच्या भिंतीवरून निघाली. आठवडाभर मुलगी बापाशी कामापुरतं बोलली. मग एके संध्याकाळी, साडेसहाला घरात येता येता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आज सहा झाल्या."

"कोण तपासतंय?"

"दोघं आहेत. माझ्या शेजारच्याच टेबलावर."

"आणि?"

"जुळल्या."

त्या दिवसापासून त्यांचं असं झालं की पाच वाजले की घरात पाय ठरेना. पेपर उघडायचे, मिटायचे, सहा वाजता दारात जाऊन उभे राहायचे. ती चपला काढायच्या आधी आकडा सांगायची. आज पाच, जुळल्या. आज आठ, जुळल्या. मग ते बाजूला व्हायचे आणि ती आत जायची. दीडशेच्या वर शीट अशाच गेल्या. बायको म्हणायची, आता तरी जरा टेका. त्यांना ते जमत नव्हतं.

एका गुरुवारी ती जिना हळू चढली.

"आज चार झाल्या," ती म्हणाली. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तीन जुळल्या."

त्यांनी शीटचा क्रमांक विचारला, तिने सांगितला. किती चुकली, विचारलं.

"केसभर, बाबा. जमिनीवर वीस-पंचवीस मीटर. तपासणारे म्हणाले एवढं कोणाचंही होतं. ते नुसती नोंद करून पुढे गेले."

"तिथे कोण राहतं?"

तिला प्रश्न चटकन कळला नाही. "कुठे?"

"त्या वीस-पंचवीस मीटरमध्ये. कोणाचं घर आहे का, विहीर, काही?"

"नकाशावरून ते नाही कळत," ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून आणखी हळू म्हणाली, "तुम्हाला माहितीये, बाबा."

ते दारातून बाजूला झाले, तिला आत येऊ दिलं. मग चपला घालून चौकापर्यंत गेले आणि त्या बाजूला जाणारी सकाळची पहिली बस किती वाजता सुटते ते विचारून आले.