ताई कोणत्या गटात?

आईचा जीव आठवडाभर थाऱ्यावर नव्हता. चष्म्याच्या दुकानात काच घासताना हात काचेवर आणि मन बोटीवर. बोट तरी कसली, समुद्रावर तरंगणारं अख्खं गाव! सुट्टीत मुलांना घेऊन बोटीने फिरायचं एवढं पक्कं होतं. पण तीन कंपन्यांच्या तीन बोटी, एकीला हो म्हणावं तर दुसरी खुणावत होती. नवऱ्याने तिला ‘चौकशी खातं’ असं नाव ठेवलं होतं. ठेवेना का! त्या गृहस्थाला जेवणाच्या वेळांपलीकडे बोटीतलं काही सुचत नव्हतं.

पहिल्या बोटीवर अशी घसरगुंडी, की नुसत्या फोटोने पोटात गोळा यावा. लहानांची चंगळ, पण मोठ्या मुलांना एक खोली आणि दोन टेबलं. दुसरीवर नेमकं उलटं. तेरा वर्षांपासून पुढच्यांना स्वतंत्र मजला, गाणी, सिनेमा, आणि आईबापांना दारातूनच नमस्कार. धाकट्यांची मात्र रंगीत खडूंवर बोळवण. तिसरी होती धड ना इकडची, ना तिकडची.

खरं दुखणं वेगळंच होतं. धाकटा सात वर्षांचा, आणि बहिणीशिवाय त्याचं पान हलत नसे. बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर ओठांवर अडून बसलं, की तिने वाक्य पुरं करायचं. ती तेरा वर्षांची. तो जन्मला तेव्हापासून सगळे तिला ताईच म्हणत. आई, बाबा, शेजारीण, चष्म्याच्या दुकानाचा मालकसुद्धा. धाकट्याकडे कोण बघणार, असं कोणी विचारलं की आईचं उत्तर तयार असे: ताई आहे ना!

बोटीवर तर वयाप्रमाणे गट पाडतात. ताई वर, धाकटा खाली. ताटातूट झाली तर पोरगा कोपऱ्यात रडत बसेल आणि आपली सुट्टी त्याच्या दाराशी पहारा देण्यात जाईल, या धास्तीने आईला एका जागी बसवत नव्हतं. भांडी घासता घासता ती ओल्या हाताने फोन उघडायची, तिन्ही बोटी पुन्हा पाहायची आणि पुन्हा भांड्यांकडे वळायची. नवरा म्हणाला, घरीच टबात बसू या. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गपगुमान बाहेर गेला.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तिन्ही बोटींचं बुकिंग करणाऱ्या बाईंचा फोन आला. आईने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. बाईंनी माहिती काढली होती. तिसऱ्या बोटीवर मोठं भावंड धाकट्याच्या गटात बसू शकत होतं. धाकट्याला मात्र वर जाता येत नव्हतं. चौघांची एकच खोली उरली होती, काय ते आत्ताच सांगायचं. आईला देव पावल्यासारखं झालं. ती लगेच हो म्हणाली. मग बाईंनी गळ्यातल्या बिल्ल्यावर लिहायला मुलांची हाक मारायची नावं विचारली.

“मुलीचं ‘ताई’च लिहा. घरात सगळे तेच म्हणतात.”

बाई हसल्या. मग तर गटातली सगळीच पोरं तिला ताई म्हणतील, बरं झालं, सांभाळायला एक मोठं माणूस मिळालं, असं म्हणाल्या. आईही हसली.

ताई धाकट्याच्या बुटाची नाडी बांधत होती. तिचे हात थांबले. “आई, तिथे तरी मला कोणाची ताई करू नकोस,” ती म्हणाली, आणि उठून आतल्या खोलीत गेली.

आईचं डोकंच फिरलं. आठवडाभर जिवाचं रान केलं ते कोणासाठी? “मग याच्याकडे कोण बघणार?” ती आतल्या दाराकडे बघून ओरडली. या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ होतं. 

धाकट्याचे ओठ हलायला लागले. आई सवयीने आतल्या दाराकडे पाहू लागली. तिथून कोणी आलं नाही. मग तिला थांबावंच लागलं, आणि ते थांबणं तिला जड गेलं.

“दु... दुसरी बोट घ्या,” तो म्हणाला. “ति... तिच्या मजल्याची.”

 हा रडेल, नक्की रडेल, मग काय करायचं, हे सगळं आईच्या मनात एकदमच उसळलं. तरी तिने फोन तोंडाजवळ धरला आणि दुसरी बोट सांगितली. मुलगी वरच्या गटात, मुलगा खालच्या.

बाईंनी पुन्हा मुलीचं नाव विचारलं. आईच्या जिभेवर ‘ताई’च आलं होतं. ते तिने गिळलं आणि बारशाला ठेवलेलं नाव सांगितलं. बाईंना नीट ऐकू गेलं नाही, तेव्हा तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

आतल्या खोलीतून पोरीने ओ दिली.