चौथी आणि पाचवी पट्टी

मामाच्या छापखान्यात प्रूफावर शेवटची सही भाचीची असे, आणि ही गोष्ट मामाला अधूनमधून काट्यासारखी खुपे. तसं पाहिलं तर हा नियम त्यानेच केलेला. दहा वर्षांपूर्वी ती छपाईचं शिक्षण संपवून आली, तेव्हा त्याने कौतुकाने तिला मागची खोली दिली, भिंती राखाडी रंगवून दिल्या, रंग पारखायची दिव्याची पेटी आणली आणि सगळ्यांना बजावलं, "हिची सही झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही." पुढे ती मशीनवाल्यांना, डिझायनरला आणि खुद्द मामालाही "नाही" म्हणायला लागली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हौसेने आणलेली मांजर आपल्यालाच बोचकारते आहे.

छापखान्यातले लोक तिला मीटरबाई म्हणत. रंग कसा वाटतोय असं विचारलं तर ती कधी "छान" म्हणायची नाही. कागदावर रंग मोजायचं मीटर टेकवायची आणि आकडा सांगायची.

त्या महिन्यात आरोग्य खात्याचं काम आलं. तळहाताएवढं कार्ड, त्यावर फिक्या पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत सहा पट्ट्या. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कपाळावर बोट दाबायचं, बोट उचललं की क्षणभर कातडीचा खरा रंग दिसतो, तो पट्ट्यांशी ताडून पाहायचा. चौथ्या पट्टीशी जुळला तर उद्या पुन्हा तपासायचं. पाचवीशी जुळला तर बाळाला त्याच पावली दवाखान्यात न्यायचं. कावीळ अंगात किती भिनली आहे, ते कार्ड सांगणार होतं. गावोगावच्या सिस्टरांना ते वाटायचं होतं, समारंभाची तारीखही ठरली होती.

अडलं ते कागदापाशी. ठरलेला गुळगुळीत पांढरा कागद यायला तीन आठवडे होते आणि समारंभ दहा दिवसांवर. मामाने ओळखीच्या व्यापाऱ्याकडून दुसरा कागद उचलला. खरखरीत, किंचित मळकट, पण जाड आणि हातात असलेला.

"याचं कॅलिब्रेशन करून टाक," तो म्हणाला. "उद्या प्रूफ, परवा मशीन."

तिने नेहमीची पद्धत सोडली नाही. नव्या कागदावर शेकडो चौकटींचा तक्ता मशीनवरून छापून घेतला, तो पुरता वाळू दिला, मग एकेक ओळ मीटरने मोजली. संगणकाच्या पडद्यावर त्या कागदाचा गॅमट उमटला, म्हणजे त्या शाईला त्या कागदावर जेवढे रंग गाठता येतात तेवढ्यांचा एक फुगीर गोळा. पिवळ्याच्या बाजूला तो गोळा पार बसला होता. तिने कार्डाचे सहा रंग त्यात टाकले. तीन आत पडले. चौथा काठावर. पाचवा आणि सहावा साफ बाहेर.

बाहेर पडलेला रंग छापला जात नाही असं नाही. मशीन त्याला ओढून काठावर आणून बसवतं. म्हणजे पाचवी पट्टी चौथीच्या मांडीवर येऊन बसणार होती. मीटरच्या मापाने दोघींत नऊचा फरक हवा होता, तो दीडवर आला. दीडचा फरक तिच्या डोळ्यांनाही नीट दिसला नसता, तर कंदिलाच्या उजेडात दमलेल्या सिस्टरला काय दिसणार?

ती खाली मशीनवाल्या उस्तादांकडे गेली. पस्तीस वर्षं त्यांचा हात शाईत होता.

"पिवळी जरा वाढवून बघू," ते म्हणाले. वाढवली. कागदाने ती पिऊन टाकली, पट्टीच्या कडा फुटल्या, आणि मीटरचा आकडा तिथल्या तिथेच. उस्तादांनी हात पुसले. "कागदाच्या पोटातच नाही, तर ओठांवर कुठून येणार?"

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, आपल्या प्रूफच्या प्रिंटरमध्ये चकचकीत कागद आहे ना? त्यावर काढ. सहाच्या सहा झक्क येतील. खात्याच्या साहेबांची पसंती घे. मग मशीनवर जे येईल ते येईल."

"मामा, प्रूफ म्हणजे मशीनवर काय येणार त्याचं वचन. तू मला खोटं वचन द्यायला सांगतोयस."

"अगं, एवढं बारीक कोण बघतंय?"

"बघण्यासाठीच तर कार्ड आहे!"

"तू सही करणार की नाही?"

"नाही."

मामाने प्रिंटरपाशी जाऊन स्वतःच नव्या कागदाची नक्कल करणारं सेटिंग बंद केलं, चकचकीत प्रूफ काढलं आणि काखोटीला मारून निघून गेला.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच उभी. मामा तिचा धाकटा भाऊ, आणि भावाच्या बाबतीत तिला दुसरी बाजू ऐकूच यायची नाही.

"तुझे बाबा गेल्यावर कोण उभं राहिलं आपल्या पाठीशी? त्याच्याच ताटात खडे टाकतेस?"

"खडे मी टाकत नाहीये, आई. भातात आहेत ते दाखवतेय."

"मोठी आली दाखवणारी. सगळं जग झाकून नेतं, आणि आमच्याच घरात ही दिवा लावून बसलीय."

ती जेवली आणि भांडी घासली. आईशी आणखी वाद घातला नाही, पण मनात सहीचा विचारही फिरकू दिला नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. दहा वर्षांची खोली एका शब्दाने जाऊ शकते, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आले. सोबत मोठ्या सिस्टर होत्या, पिकलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मामाने चकचकीत प्रूफ पुढे ठेवलं. साहेब खूष झाले. मग त्यांचं बोट खालच्या रिकाम्या चौकटीवर थांबलं. "इथे सही नाही?"

"करेल ना," मामा म्हणाला. "अगं, ये जरा."

ती आली. हातात नव्या कागदावर छापलेलं कार्ड आणि कात्री होती.

"साहेब, हे प्रूफ ज्या कागदावर आहे, त्यावर तुमचं कार्ड छापलं जाणार नाही. ते छापलं जाणार ह्यावर." मग ती मामाकडे वळली. "माफ करा, मामा. मी तुम्हाला काल सांगितलं होतं."

ती "तुम्ही" म्हणाली तेव्हाच मामाला कळलं की आता ही मागे फिरत नाही.

तिने चौथी आणि पाचवी पट्टी कापून वेगळी केली, टेबलाखाली हात नेऊन अदलाबदल केली आणि साहेबांपुढे मांडली. "यातली दवाखान्याची कोणती?"

"हा काय पोरखेळ आहे?" साहेब म्हणाले. तरी बोट एकीवर ठेवलं. तिने तुकडा उलटला. मागे चार लिहिलं होतं. सिस्टरांनी दोन्ही तुकडे उचलले, खिडकीपाशी नेले, चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले. परत आणून ठेवले आणि म्हणाल्या, "मला यात फरक सांगता येत नाही. चाळीस वर्षं बाळं बघतेय मी."

"समारंभ दोन आठवडे पुढे नेलात तर ठरलेल्या कागदावर बरोबर छापून देते," ती म्हणाली.

"तारीख तुम्ही ठरवणार का?" साहेबांचा आवाज चढला. "छापखाने पुष्कळ पडलेत!"

"पडलेत. पण ह्या कार्डावर माझी सही मिळणार नाही."

साहेब खुर्ची सरकवून उठले. संध्याकाळच्या आत काम काढून घेतल्याचा फोन आला.

पुढचे दिवस वाईट गेले. मशीनवाल्यांचं जादा काम बुडालं, ते तिच्याकडे पाहून घसे खाकरत. मामा तिच्याशी बोलेना. निरोप उस्तादांच्या तोंडून येत, "त्यांना सांगा, कॅलेंडरचं प्रूफ हवंय," आणि उस्ताद बिचारे दोन खोल्यांमध्ये टपाल वाहत. ती काम करत राहिली. एकदा तिने राजीनाम्याचा कागद काढला, दोन ओळी लिहिल्या आणि टराटरा फाडून टाकला. चूक आपली नसताना आपण का जायचं?

समारंभ झाला. तिसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर एकट्याच आल्या, पिशवीतून वीस कार्डं काढून टेबलावर ठेवली. दुसऱ्या छापखान्याची. "मोजून दे," त्या म्हणाल्या.

तिने वीसच्या वीस मोजली. चौथी-पाचवीतला फरक कुठे दोन, कुठे एक.

"हे मला लिहून हवंय, सही करून. वाटप थांबवायचं तर माझ्या एकटीच्या शब्दाला कोण विचारतंय? पण विचार कर. साहेब तुमच्यावर दात धरतील."

"धरू देत," ती म्हणाली आणि कोरा कागद पुढे ओढला.

दारात मामा कधीचा उभा होता. तो आत आला, तिच्या हाताखालचा कागद काढून घेतला. तिला वाटलं, आता फाडतो. त्याने तो घडी करून खिशात घातला, बाहेर गेला आणि छापखान्याचं नाव असलेला कागद आणि शिक्का घेऊन परत आला.

"कोऱ्या कागदावरचं कोण वाचणार?" तो सिस्टरांकडे बघत म्हणाला, तिच्याकडे नाही. "आकडे नीट लिही. वीसही लिही. एक सोडू नकोस."

ती लिहीत असताना तो शेजारी उभा राहून एकेक आकडा पडताळत होता. सही झाल्यावर त्याने शिक्का मारला, इतका जोरात की पेटीतला दिवा हलला.

आठवड्याभरात कार्डं कोठारात परत गेली. त्याच आठवड्यात साहेबांचं पत्र आलं, या छापखान्याला पुढची दोन वर्षं खात्याचं काम मिळणार नाही. मामाने ते मशीनच्या खोलीत सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचलं. उस्तादांनी मशीन बंद करून ऐकलं.

"मामा, रागावलायस अजून?" तिने विचारलं.

"रागावलोय. चांगला वर्षभर रागावणार आहे," तो म्हणाला आणि पत्र तिच्या हातात दिलं. "आधी ह्याला उत्तर लिहू. सिस्टरांनी बरोबर कार्डासाठी पट्ट्यांचे आकडे आपल्याकडे नव्याने मागितले आहेत, तेही त्यात घाल. आणि जरा तिखट लिही, तुला जमतं."

तिने खुर्ची ओढली.