सासरा रेषेवर, जावई मैदानात

मैदान कसलं, चार गल्ल्यांच्या मधोमध सापडलेला चौकोन. एका अंगाला पत्र्याची गॅलरी, दुसऱ्या अंगाला लोकांची वाळत घातलेली धुणी. पण वस्तीचा फुटबॉल क्लब तिथेच वाढला, आणि तिथे येऊन जिंकणं भल्याभल्यांना जड जायचं. या छोट्या लीगमध्ये एक लाइन्समन यजमान क्लबनेच द्यायचा असतो. तो मान इथे वस्तीतल्या शिंप्याकडे होता. कापडाचं माप असो की ऑफसाइड, त्याची नजर पक्की. त्याचा झेंडा वर दिसला की पंच डोळे मिटून शिट्टी वाजवायचा.

क्लबच्या स्ट्रायकरला त्याने आपली मुलगी दिली आणि घोळ सुरू झाला. पाहुण्यांची पोरं कुंपणापलीकडून ओरडायची, "सासरा रेषेवर, जावई मैदानात! घरचंच कार्य आहे, घ्या उरकून!" वस्तीही हसायची. शिंप्याला मात्र ते जिव्हारी लागायचं. आपल्या सरळपणाचा त्याला भारी अभिमान, आणि असला अभिमान माणसाला कधी तोंडघशी पाडेल याचा नेम नसतो.

त्या रविवारी जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नाहीतर क्लब खालच्या गटात जाणार, आणि खालच्या गटातल्या क्लबला नगरपालिका मैदान देणार नव्हती. तिथे गाड्या उभ्या राहणार होत्या. सामना संपत आला तरी बरोबरीच. तेवढ्यात लांबून चेंडू आला, जावई बचाव फोडून पळाला आणि त्याने चेंडू जाळ्यात घातला. अख्खी गॅलरी नाचायला लागली. मग सगळ्यांना शिंप्याचा वर गेलेला झेंडा दिसला. पंचाने ऑफसाइड देऊन गोल रद्द केला.

सामना बरोबरीतच सुटला तसे लोक त्याच्या अंगावर धावले. "घरभेदी मेला!" म्हणत एकाने गचांडी धरली. जावई धापा टाकत मध्ये घुसला.

"हात लावायचा नाही! बाबांनी झेंडा वर केला ना? मग मी बचावाच्या पुढेच होतो."

त्याने सासऱ्याला ओढत कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि कडी लावली. हा पोरगा आपल्यासाठी साऱ्या वस्तीशी वैर घेतो आणि आपण काय केलं, या विचाराने शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू पुढे नव्हतास," तो म्हणाला.

"म्हणजे? नीट दिसलं नाही का तुम्हाला?"

"लख्ख दिसलं. चांगला दोन हात मागे होतास."

"मग झेंडा का वर केलात, बाबा?"

"दुसरा कुणी असता तर केला नसता."

जावई बाकावर बसला. बुटाच्या नाड्या सोडता सोडता त्याचे हात थांबले. बाहेर अजून आरडाओरडा चालू होता आणि त्यात शिंप्याच्या मुलीचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता.

"हे तिला कधी सांगू नका," तो म्हणाला. "तुमच्यासाठी भांडतेय ती."