म्हाताऱ्याचा शेवटचा स्विंग

बेसबॉल हा खेळ माझ्या डोक्यात जातो, हे आधीच सांगून टाकते. तीन-तीन तास चालतो, आणि त्यातला निम्मा वेळ माणसं नुसती थुंकत आणि टोप्या नीट करत उभी असतात. पण पुष्करचा जीव त्यात अडकलेला. लग्नाआधी चार वर्षं तो अमेरिकेत नोकरीला होता, तिथून हे खूळ घेऊन आला. मग इथे इंग्लंडात ब्रिस्टलला विमानाच्या पंखांवर काम करायला लागला, तरी ते सुटलं नाही. त्यातही एक खेळाडू त्याचा अगदी लाडका. ज्या वर्षी पुष्कर नोकरीला लागला, त्याच वर्षी तो मैदानात उतरलेला. आता तो खेळाडू चाळिशीच्या पुढे गेलाय. आमच्याकडे त्याला सगळे ‘म्हातारा’च म्हणतात, आणि त्या रविवारी म्हाताऱ्याची शेवटची मॅच होती.

दोन वर्षांपूर्वी पुष्करची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं, आणि मग काहीच उरलं नाही. तो रडला नाही, माझ्यावर खेकसला नाही. खेकसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त एकेक गोष्ट सोडून दिली. आधी एकट्याने बाहेर जाणं सोडलं, मग मित्रांना फोन करणं. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, पांढरी काठी आली, ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तशीच उभी होती. आणि त्या दुपारी चहा पिताना म्हणाला, “कल्याणी, आजची मॅच झाली की ते बेसबॉलचं सबस्क्रिप्शन बंद करून टाक.”

“का रे?”

“कशाला उगाच? मला काय दिसतंय त्यातलं?”

एवढी एकच गोष्ट उरली होती त्याची. ती गेली की हा माणूस खुर्चीत नुसता बसून राहणार, हे मला स्वच्छ कळत होतं. मी “बघू” म्हणाले आणि कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांना निमित्त झालं.

संध्याकाळी नकुल आणि श्रद्धा आले. नागपूरची जोडी, नकुल पुष्करच्या जुन्या ऑफिसातला. मी भजी तळत होते, आणि हे दोघं ओट्याला टेकून तावातावाने भांडत होते.

“अगं, म्हाताऱ्याचा बॅट स्पीड बघ ना. आख्ख्या लीगमध्ये इतका हळू कोणी नसेल!”

“स्पीडचं काय घेऊन बसलास? स्विंग केवढासा आहे ते बघ. म्हणून तर लागतोय बॉल त्याला.”

हल्ली म्हणे मैदानात कॅमेरे लावून प्रत्येक स्विंग, म्हणजे बॅटचा प्रत्येक फेरा, मोजतात आणि लगेच वेबसाइटवर टाकतात. माझ्या डोक्यावरून गेलं सगळं. पण टीव्हीसमोर येऊन बसल्याबरोबर दोघांच्या तोंडाला कुलूप. म्हाताऱ्याने बॉल मारला की फक्त, “वा! पुष्करदादा, काय सुंदर मारला!”

“हो का?” पुष्कर म्हणायचा. परक्याच्या लग्नात बसल्यासारखा बसला होता तो.

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा “काय सुंदर” ऐकलं आणि माझी सटकली. भज्यांची ताटली मी टेबलावर आपटली. “सुंदर म्हणजे काय रे? आत मघाशी एवढी टकळी चालली होती, इथे काय मूग गिळून बसलाय दोघं?”

श्रद्धा ओशाळली. “वहिनी, ते नुसते आकडे आहेत. दादांना आधीच... त्यात आणखी आकडे कुठे ऐकवायचे?”

पुष्करची मान वळली. “कसले आकडे?”

नकुलने चाचरत फोन काढला. “बॅट स्पीड, दादा. आत्ताचा ताशी त्रेसष्ट मैल.”

“बॉलचा?”

“नाही, बॅटचा. तिच्या टोकाच्या जवळचा.”

“बॅटचा मोजतात?” पुष्कर पुढे सरकून बसला. “कधीपासून?”

“झाली ना दोनेक वर्षं.”

म्हणजे याने वाचणं सोडलं, त्याच सुमाराला.

“आणखी काय मोजतात?”

“टोक किती फूट फिरलं. बॅट वर चढत होती की खाली येत होती, किती अंशात. शरीराच्या किती पुढे बॉल लागला. उभं राहताना पायांत किती अंतर...”

पुष्कर उठून उभाच राहिला. “अंतर सांग.”

“अठ्ठावीस इंच.”

“कल्याणी, टेप आण.”

“काहीतरीच तुझं!” म्हणत मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि कार्पेटवर बसून त्याचे पाय मोजले. पुढचं पाऊल किती वळलेलं ते नकुलने सांगितलं, मी हाताने वळवलं. मग पुष्करने हात पुढे केले. “बॅटसारखं काहीतरी दे.”

हाताला लागलं ते मी दिलं. ती कोपऱ्यातली पांढरी काठी होती. त्याने बोटांनी चाचपली, आणि मी ती परत घ्यायला हात पुढे केला. पण त्याने ती दोन्ही हातांत धरून खांद्यावर घेतली.

“अँगल?”

“वर चढती, आठ अंश.”

“आठ अंश!” पुष्कर हसला. किती दिवसांनी हसला! “अरे, विमानाचा पंख किती अंश वर हवा, हेच तर मोजलं मी आयुष्यभर.”

त्याने सावकाश काठी फिरवली. म्हाताऱ्याची साडेसहा फूटच, याची जास्त फिरली, म्हणून नकुलने थांबवलं. पुष्करने कोपर पोटाशी घेतलं आणि पुन्हा फिरवली. “असा मारायला लागला होय हा! पूर्वी हात मोकळे सोडून मारायचा. जोर कमी झाला, म्हणून वाट छोटी केली लबाडाने.”

मी समोर टीव्हीवर तोच माणूस बघत होते, आणि मला यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

मग म्हाताऱ्याची शेवटची पाळी आली. आख्खं स्टेडियम उभं राहिलं. दोन स्ट्राइक झाले, आणखी एक चुकला की संपलं. बॉल आला, म्हाताऱ्याने बॅट फिरवली, आणि बॉल सरळ मागच्या कीपरच्या हातात.

“छे!” नकुलने कपाळावर हात मारला. श्रद्धाचे डोळे भरून आले. “चुकला, दादा. साफ चुकला.”

“थांबा,” पुष्कर म्हणाला. “आकडे येऊ देत.”

आम्ही थांबलो. टीव्हीवर टाळ्यांचा कडकडाट चालला होता आणि आम्ही तिघं फोनकडे बघत होतो. मग नकुलचा आवाजच बदलला. “दादा... पंच्याहत्तर मैल. दोन वर्षांत एवढा कधीच नव्हता. आणि टोक फिरलंय जवळजवळ आठ फूट.”

पुष्करने पाय रोवले, कोपर पोटापासून सुटं केलं आणि काठी अशी फिरवली की वारा माझ्या तोंडाला लागला. कोपऱ्यातला दिवा खळ्ळकन फुटला. तो तसाच उभा राहिला, धापा टाकत, छाती उघडी, चेहरा वर.

“चुकला नाही गं तो,” पुष्कर म्हणाला. “शेवटचा होता ना, म्हणून पहिल्या वर्षीसारखा मारला त्याने. दिसला मला. अगदी दिसला.”

मलाही दिसला, पण टीव्हीवर नाही, माझ्या नवऱ्यात दिसला. एरवी दिवा फुटल्यावर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज मी त्याच्याकडेच बघत राहिले.

“कल्याणी,” तो चाचपडत खुर्चीत बसला, काठी मांडीवर घेऊन. “त्या दोन वर्षांतले सगळे स्विंग असतील ना तिथे?”

“असतील. का?”

“मग पहिल्यापासून वाच. माझे सगळे बघायचे राहिलेत.”

“आधी काचा तरी उचलू दे, मेल्या!” मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले. काचा तशाच राहिल्या. मी नकुलच्या हातातून फोन ओढून घेतला आणि वाचायला बसले.