अकरा नंबरचा फोन

रंगाच्या कारखान्याच्या ऑफिसात त्या दुपारी कुणी काम करत नव्हतं. कारकून, ड्रायव्हर, शिपाई, झाडून सगळे ऑपरेटरताईंच्या टेबलाभोवती जमले होते आणि एका टेलिफोनकडे टक लावून बघत होते. मधोमध खुर्चीत मौनी महाराज. हे मौनी इतकं बोलत, की समोरच्याला श्वास घ्यायला उसंत मिळू नये.

मी डॉक्टर. मालकीणबाईंची मुलगी चिमणी माझी पेशंट. तिला फिट्स येतात. गोळ्या वेळेवर घेतल्या तर येत नाहीत. गोळ्या संपल्या असतील तरी न्यायला कुणी फिरकलं नाही, म्हणून मीच तणतणत इथे आले होते. चिमणी बाकावर आईला टेकून बसली होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा मधूनच उडत होता. ते लक्षण मला मुळीच आवडलं नाही.

"वहिनी, गोळ्या बंद केल्यात?"

"मी नाही हो. ह्यांनी सांगितलं."

'हे' म्हणजे वहिनींचे यजमान, कारखान्याचे थोरले साहेब. ते जाऊन वर्ष होत आलं होतं!

तेवढ्यात फोन वाजला. गर्दी मागे सरकली. फोनच्या पडद्यावर अक्षरं उमटली : थोरले साहेब, ११.

अकरा नंबर साहेबांच्या केबिनचा. केबिन समोरच होती. दाराला कुलूप, आणि काचेतून दिसत होतं, आतल्या फोनची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

ताईंनी स्पीकरचं बटण दाबलं. आधी नुसती धाप. मग कोरडा खोकला. मग घोगरी कुजबुज : "चिमणीला... मठात ठेव... गोळ्या नकोत." फोन बंद.

"शेवटी आवाज बसला होता ना त्यांचा, अगदी असाच," वहिनी रडू लागल्या.

बसलेले आवाज सगळे सारखेच असतात, हे त्यांना त्या क्षणी कोण समजावणार?

"पलीकडच्या जगात टॉवर नाही, माई!" महाराजांची टकळी सुरू झाली. "पण आमच्या साधनेची रेंज तिथवर! संध्याकाळी मठाची गाडी येईल, लेकीला पाठवा. तो अंगठा बघा, कसा उडतोय! बाप बोट धरून बोलावतोय!"

लोकांनी हात जोडले. माझं डोकं फिरलं.

"ताई, साहेब आजारी असताना फोनमध्ये काही बदल केला होता का?"

"टेलिफोनवाला काहीतरी जोडून गेला होता. साहेब हॉस्पिटलातून मोबाइलवरून बोलले, तरी इथे केबिनचंच नाव यायचं."

"आणि तो मोबाइल?"

"हॉस्पिटलातच हरवला," वहिनी म्हणाल्या.

"मग ह्या अकरा नंबरला कुणी उलटा फोन लावून पाहिलात?"

"खबरदार!" महाराज खुर्चीतून उठलेच. "आत्म्याला उलट हाक मारली, तर तो मुलीला घेऊनच जातो!"

मी रिसीव्हर वहिनींपुढे धरला. त्यांनी चिमणीला पोटाशी घट्ट दाबलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मलाही त्यांना एकदा विचारायचंय." त्यांनी अकरा नंबर दाबला.

क्षणभर काहीच नाही. मग बाहेरच्या बोळातून एका लहान मुलीचा बोबडा आवाज आला : "पप्पा, फोन घ्या ना! पप्पा, फोन घ्या ना!"

कुणीतरी किंचाळलं. चिमणीने मान वर केली. "तो माझा आवाज आहे. पप्पांच्या फोनमध्ये मीच भरला होता."

ड्रायव्हर धावला. जिन्याखालून त्याने महाराजांच्या शिष्याला ओढत आणलं. त्याच्या हातात मोबाइल अजून ओरडत होता.

"हा तर हॉस्पिटलात ह्यांच्या उशाशी बसायला ठेवलेला माणूस!" वहिनी म्हणाल्या.

इतकीच ती किमया. मोबाइल केबिनच्या नंबरला जोडलेला. त्यावरून फोन आला की पडद्यावर साहेबांचं नाव, आणि अकरा लावला की तो मोबाइल वाजणार. माझ्या दवाखान्यात माझाही मोबाइल असाच जोडलेला आहे. मायेपोटी फोनमधून साहेबांचं नाव कुणी काढलं नाही, जोडणीही तशीच राहिली. चोराने मोबाइल लांबवला, पण अकराला कधी कुणी फोनच लावला नाही, म्हणून त्या नंबरची वेगळी रिंग त्यालाही ठाऊक नव्हती.

महाराजांनी जन्मात पहिल्यांदा मौन पाळलं.

आणि त्याच वेळी चिमणीचा अख्खा हात झटके देऊ लागला. डोळे फिरले. मी तिला कुशीवर वळवलं, बॅगेतलं औषध नाकात फवारलं. ती शांत होईपर्यंत त्या खोलीत कुणी हललं नाही. आणखी दोन दिवस असेच गेले असते, तर काय झालं असतं, हे मी वहिनींना सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं.

बाबांनो, पडद्यावरचं नाव म्हणजे कुणीतरी भरलेली अक्षरं. त्यांना हात जोडू नका, विचारा. आणि जो विचारायला मनाई करतो, त्याच्यावर आधी संशय घ्या.

संध्याकाळी मठाची गाडी खरंच आली. आम्ही बोलावून ठेवलेल्या पोलिसांनी तिचं दार उघडलं. मागच्या सीटवर आधीच दोन मुलं बसलेली होती. त्यांच्या घरी कुणी उलटा फोन लावला नव्हता.